तो 'येसू' म्हणाला होता

या सदरात लोक आपापले अनुभव लिहितात ते मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगू का, निम्मे वाचून मला हसू येतं. घाटात लिफ्ट मागणारी बाई, चिंचेखालचा म्हातारा... आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नव्हता. आम्ही धुळ्याचे ख्रिस्ती. माझे वडील — नाना — एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की मुद्दाम त्याच्यावर पाय देऊन पुढे जायचे. "देवापुढे भूत टिकत नाही आणि पान्यापुढे नट," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे आजही कुणी विचारलं, "तुमचा या गोष्टींवर विश्वास आहे का?" तर मी नाहीच म्हणते.

पण १९८९ च्या मे महिन्यात एका बुधवारी जे झालं ते झालं. मी एकटीने पाहिलं असतं तर उन्हाचा भास म्हणून सोडून दिलं असतं. चाळीसेक पोरांनी पाहिलं. तरीही माझ्या बाजूने बोलायला त्या वेळी एकही मोठं माणूस उभं राहिलं नाही, आणि माझा राग त्या आलेल्या माणसापेक्षा या न बोलणाऱ्यांवर जास्त आहे. वाचताना कळेलच.

धुळ्याहून आग्रा हायवेने शिरपूरच्या दिशेने निघालं की सोनगीर लागतं. तिथला किल्ला मागे पडला की थोड्या अंतरावर एक कच्चा रस्ता आत जातो. त्या रस्त्याच्या शेवटी तेव्हा एक जुनं कंपाउंड होतं. निंबाची झाडं, विहीर, पत्र्याचा लांबलचक हॉल आणि मागे चुली. दर मे महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीचं मुलामुलींचं शिबिर तिथे भरायचं. सकाळी प्रार्थना, मग बायबलचा अभ्यास, गाणी, वचन शोधायची स्पर्धा, संध्याकाळी ऊन उतरलं की खो-खो. पोरं तेरा ते सतरा वयाची. म्हणजे एका डोळ्याने देवाकडे बघणारी आणि दुसऱ्याने हॉलच्या पलीकडच्या बाजूला कोण बसलंय ते बघणारी! मी तेवीस वर्षांची होते, प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि शिबिराला लीडर म्हणून जायचं माझं तिसरं वर्ष होतं. मुलींचा ग्रुप माझ्याकडे असायचा. मुलांचा ग्रुप विनयकडे.

विनय मूळचा सोनगीरजवळच्याच एका खेड्यातला, पण जळगावला एका संस्थेत शिकवायला लागला होता. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं अगदी पुस्तकी. त्याची आई अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नसे, पण हा आईलासुद्धा शुद्ध मराठीत उत्तर द्यायचा. 'ळ' तर असा जपून उच्चारायचा की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. मी त्यावरून त्याला खूप चिडवायची. आमचं दोघांचं काय आहे ते सगळ्यांना कळत होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. नाताळात तो आमच्याकडे फराळाला आला होता, तेव्हा जाताना दारात हळूच म्हणाला, "मेमध्ये शिबिर झालं की नानांशी बोलायला येतो." मी कुणाला काही सांगितलं नाही. माझ्या डोक्यात मात्र लग्नाचे सनई-चौघडे सुरू झाले होते... म्हणजे आमच्यात बँड.

अडचण अशी झाली की मार्चमध्ये नंदुरबारहून मला एक स्थळ आलं. मुलगा दवाखान्यात लॅबमध्ये होता, माणसं साधी. नानांना पसंत. मला आईविना नानांनीच वाढवलं होतं, त्यामुळे हे बोलणंही त्यांच्याशीच. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक. शिबिर होऊ दे. त्यानं शब्द दिला तर नंदुरबारला नाही कळवतो. नाही दिला तर तू हो म्हणायचं." मला ते मान्य होतं. म्हणजे त्या शिबिरात माझं सगळं आयुष्य पणाला लागलं होतं आणि पोरांना मी 'विश्वास म्हणजे काय' यावर धडा देत होते.

शिबिर सुरू झालं तर विनय नाही. मी पाळकसाहेबांना विचारलं. ते नगरकडचे, आमच्याकडे येऊन चारेक वर्षं झालेली, मला मुलीसारखं मानायचे. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्याला जरा काम आहे. जमलं तर येईल." बुधवारी सकाळी ते स्वतःही निघाले. "जळगावला एका मातीला जाऊन येतो, करुणा. पोरांकडे बघ." कुणाची माती, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, मयताला निघालेल्या माणसाला कोण विचारतं?

मेमधलं आमच्याकडचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. दुपारी पक्षीसुद्धा पंख पसरून सावलीत पडतात. हॉलचे दरवाजे लावून आम्ही सगळे आत होतो. जेवणाची वेळ झाली म्हणून मी दार उघडलं, आणि फाटकातून विनय आत येत होता.

डोक्याला रुमाल, हातात काही नाही. मला बघून हसला. पोरं "विनयसर! विनयसर!" करत धावली, आणि तो त्यांना म्हणाला,

"काय चाली राहिनं रे बठ्ठासनं?"

सगळ्यांचं काय चाललंय, एवढंच विचारलं त्याने, पण पोरं जी हसायला लागली! विनयसर आणि अहिराणी? धुळे शहरातल्या पोरांना ती धड येतही नव्हती, पण कानाला माहीत होती. मलाही हसू आवरेना. मला वाटलं, चिडवण्याचा परिणाम झाला एकदाचा.

भूत जेवत नाही म्हणतात. हा कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, तीन भाकरी जेवला. वर ठेचा! एरवी विनयला पित्ताचा त्रास, मिरची बघूनच पाणी पिणारा माणूस. स्वयंपाकाला सोनगीरची यमुनाअक्का होती. ती म्हणाली, "विनयभाऊ, आखो दिऊ का?" तर हा म्हणतो, "दे वो अक्का, आज पोट भरीसन जेवस." चष्मा नव्हता, तेही मला खूप नंतर आठवलं. त्या क्षणी कुणाच्याही मनात काही आलं नाही. भिण्यासारखं दिवसभरात एकदाही काही घडलं नाही, हे मी शपथेवर सांगते. त्याने मुलांचा अभ्यास घेतला, हरवलेल्या मेंढराची गोष्ट अहिराणीत सांगितली, आणि ती पोरं — जी एरवी मागे बसून एकमेकांना चिमटे काढायची — तोंडाचा आ करून ऐकत होती. संध्याकाळी त्याने खो-खो घेतला. मी निंबाखाली बसून बघत होते. मी ज्या विनयशी लग्न करायला निघाले होते तो हाच, असं मला वाटलं. इतके दिवस हा इस्त्रीच्या शर्टात कुठे लपून बसला होता कोण जाणे.

दिवस कलला तसा तो निघाला. राहा म्हटलं तर मान हलवली. मी फाटकापर्यंत गेले. मागे माझ्या ग्रुपच्या पाच-सहा मुली, त्यात सलोमी — आमच्या चर्चशेजारीच राहणारी, चौदा वर्षांची, सगळ्या गोष्टीत नाक खुपसणारी. त्यांच्यासमोर काय बोलणार? मी हळू आवाजात एवढंच विचारलं, "घरी येणार ना? नानांना सांगू?"

तो थांबला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "येसू."

बास, एवढाच शब्द. अहिराणीत 'मी येईन' याला 'येसू' म्हणतात. मी नानांच्या तोंडून हजारदा ऐकलेला शब्द. पण मागच्या मुलींना वाटलं, सरांनी निरोप घेताना येशूचं नाव घेतलं. त्या सगळ्या एका सुरात ओरडल्या, "आमेन!" तो हसला. मी पण हसले. मग तो हायवेकडे चालत गेला आणि आम्ही आत आलो.

घरी आल्यावर मी नानांना सांगितलं. त्यांनी नंदुरबारला नकार कळवला.

पुढचे दोन रविवार मी साडी नेसताना आरशात जरा जास्तच बघितलं असेल. तिसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकीणबाई पेढे वाटत होत्या. "विनयचं जमलं! जळगावचीच मुलगी, त्याच्या संस्थेच्या साहेबांची. साखरपुडा होऊनसुद्धा गेला." माझ्या हातात पेढा तसाच राहिला. मी विचारलं, "कधी झाला?" त्या म्हणाल्या, "अगं, शिबिर चालू होतं ना तुमचं? त्या बुधवारी. दुपारीच."

"त्या बुधवारी तर तो शिबिरात होता," मी म्हणाले.

आसपासच्या बायका हसल्या. पाळकीणबाई हसल्या नाहीत. त्या आपल्या नवऱ्याकडे बघायला लागल्या, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की जळगावला माती-बिती काही नव्हती. अंगठीवर प्रार्थना करायला पाळकसाहेबच गेले होते.

गोष्ट अर्थातच पसरली. पोरं घरोघरी सांगत होती की सर आले होते, मोठी माणसं म्हणत होती की सर जळगावला होते, साखरपुड्याला शंभर माणूस होतं. कुणी तरी 'सैतान' हा शब्द काढला. दोन-तीन घरांनी पुढच्या वर्षी पोरांना पाठवणार नाही म्हणून सांगितलं. मग पाळकसाहेबांनी आम्हाला त्यांच्या घरी बोलावलं. मी, नाना आणि जळगावहून विनय. या वेळी चष्मा होता, शर्टला इस्त्री होती.

आधी पाळकसाहेब बोलले. "करुणा, मी तुझ्याशी खोटं बोललो. शिबिराच्या मध्येच तुझं मन मोडू नये म्हणून. तुझ्या भल्यासाठीच."

माझ्या भल्यासाठी! देवाचा माणूस, एका साखरपुड्याला माती म्हणाला... आणि एका अर्थी खरंच बोलला म्हणायचा.

मग विनय. माझ्याकडे न बघता, टेबलावरच्या फुलदाणीला सांगावं तसं म्हणाला, "मी या वर्षी शिबिराला आलोच नाही, करुणाताई."

ताई! तीन वर्षांत पहिल्यांदा. मला त्या क्षणी त्याच्या सगळ्या खोटेपणापेक्षा ते 'ताई' जास्त लागलं. मी विचारलं, "आणि नाताळात? आमच्या दारात काय म्हणाला होतास?" तो म्हणाला, "तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. मी तसं काही बोललो नव्हतो."

म्हणजे बघा. जो आला नव्हता त्याने शब्द दिला, आणि ज्याने खरोखर दिला होता तो म्हणतो दिलाच नाही. भांडायचं तरी कुणाशी?

सलोमीला बोलावलं. ती बिचारी न घाबरता उभी राहिली. "हो, विनयसर आले होते. आमच्यासोबत जेवले. गोष्ट सांगितली. जाताना 'येशू' म्हणाले आणि आम्ही आमेन म्हटलं." समोर बसलेल्या विनयकडे बोट दाखवून म्हणाली, "हेच होते." विनयचा चेहरा उतरला.

आणि पाळकसाहेबांचा चेहरा मात्र एकदम उजळला. "येशू म्हणाला? नक्की?" ते खुर्चीत पुढे सरकले. "मग झालं तर! दुष्ट आत्म्याच्या तोंडून ते नाव निघूच शकत नाही. कोणी तरी भला वाटसरू असेल, विनयसारखा दिसणारा. किंवा..." पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं, पण नजर वर गेली.

मला कळत होतं काय चाललंय ते. त्या एका नावाने सगळ्यांची सुटका होणार होती. शिबिरावरचा सैतानाचा डाग जाणार, पोरांची भीती जाणार, विनय मोकळा. मीच एकटी अडकत होते. मी म्हणाले, "साहेब, तो येशू नाही म्हणाला. 'येसू' म्हणाला. मी त्याला घरी येणार का विचारलं होतं. अहिराणीत येसू म्हणजे 'मी येईन'."

"असा शब्द आहे?" पाळकसाहेबांनी विनयला विचारलं.

"मला अहिराणी येत नाही," विनय म्हणाला. आईचं दूध ज्या बोलीत प्यायला ती बोली येत नाही म्हणाला! मला हसूच आलं. कारण मला काळजी नव्हती. माझ्या शेजारी नाना बसले होते. सोनगीर पट्ट्यातच जन्मलेले, रागावले की, झोपेत बरळले की, देवाजवळ एकटे बोलले की अहिराणीतच बोलणारे माझे नाना.

पाळकसाहेब वळले. "नाना, तुम्ही इथलेच. तुम्हीच सांगा. येसू असा शब्द आहे का तुमच्यात?"

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तिच्यावरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"नाही साहेब," ते म्हणाले. "आमच्यात असा शब्द नाही."

पुढे काय बोलणं झालं मला आठवत नाही. चहा आला होता बहुतेक.

घरी येताना पांझरा नदीच्या पुलावर मी थांबले. "नाना, येसू म्हणजे काय?"

"घर चाल."

"सांगा आधी. आहे की नाही शब्द?"

"शे ना, बेटा," ते म्हणाले. शब्द आहे म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी होतं. "माले ठाऊक नही का? पन तठे मी हो म्हणतू, तर बठ्ठा लोके काय म्हणतात? करुणानी भूतसंगे लगीन जमाडं. मंग तुले कोन करी?"

मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही. त्यांचं प्रेम मला दिसत होतं, म्हणून तर जास्त चीड येत होती. खोटं बोलणाऱ्या परक्या माणसाला शिव्या देता येतात. बापाला काय देणार? पाळकसाहेबांनी माझ्या भल्यासाठी फसवलं, नानांनी माझ्या भल्यासाठी फसवलं. माझं इतकं भलं त्याआधी आणि त्यानंतर कुणी केलेलं नाही.

पण खरा कळस पुढच्या नाताळात झाला. पाळकसाहेबांनी भर उपासनेत ती गोष्ट सांगितली. "आपल्या शिबिरात एक अनोळखी वाटसरू आला. मुलांसोबत जेवला. त्यांना मेंढराची गोष्ट सांगितली. आणि येशूचं नाव घेऊन निघून गेला." विनयचं नाव नाही, फाटक नाही, मी तर नाहीच. सगळं चर्च म्हणालं, "आमेन!" पुरुषांच्या बाजूला नाना बसले होते. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांचे ओठ हलले. ते पण आमेन म्हणाले.

शिबिराला मी पुन्हा गेले नाही. लग्न उशिरा झालं, चाळीसगावला. माणूस चांगला मिळाला, तक्रार नाही. नाना वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत हा विषय ना त्यांनी काढला, ना मी.

तो कोण होता, मला माहीत नाही. दिसायला सारखा दुसरा माणूस म्हणावं, तर तो माझं नाव घेऊन बोलत होता, पोरांची नावं त्याला पाठ होती. विनयच धावतपळत येऊन गेला म्हणावं, तर जळगाव शंभरेक किलोमीटर, आणि तो आमच्याकडे दुपारपासून दिवस मावळेपर्यंत होता. तिकडे त्याच वेळी पाळकसाहेबांच्या डोळ्यांदेखत त्याच्या बोटात अंगठी जात होती. सामुदायिक भास म्हणावा, तर यमुनाअक्काच्या टोपल्यातल्या भाकरी कुणी खाल्ल्या? आणि तो आमच्या घरी आला नाही तो नाहीच. येईन म्हणून सांगून तोही मला फसवून गेला. मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय, तुम्हीही कराल, आणि नवीन काही सापडेल असं मला वाटत नाही. त्यामुळे 'उन्हाचा परिणाम असेल', 'देवदूत असेल' अशा प्रतिक्रिया कृपा करून लिहू नका. मला त्या तोंडावर ऐकून झाल्या आहेत.

पण हे वाचणाऱ्यांत कुणी खानदेशातलं असेल, सोनगीरचं, शिंदखेड्याचं, पारोळ्याचं, कुठलंही... ज्याच्या घरात अजून अहिराणी बोलतात असं कुणी असेल, तर माझ्यासाठी एक ओळ लिहा. तो कोण होता ते नको. आमच्यात असा शब्द आहे, एवढंच चार लोकांसमोर लिहा.